सरांचं 'बघू'

"बघू," सर म्हणाले, आणि मी गर्रकन वळले.

हातातली अंकाची पानं छातीशी तशीच आवळून धरलेली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, सर आणखी काहीतरी म्हणालेसुद्धा, पण ऐकतंय कोण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीचं ते अर्धं झुलतं दार मी असं काही ढकललं, की बाहेर बाकावर बसलेले पालक दचकून उभेच राहिले.

व्हरांड्यात यास्मिन वाट बघत होती. यास्मिन मुजावर, नववी ब. आमच्या शाळेच्या 'मधली सुट्टी' या वर्तमानपत्राची संपादक. चार पानांचं, महिन्यातून एकदा निघणारं. लिहायची पोरं, आणि त्यांच्या मागे लागायची मी, ढगेबाई. शिक्षकखोलीत म्हणायचे, बाईंचं आडनाव अगदी बरोबर पडलंय, आधी गडगडाट ऐकू येतो आणि मग बाई दिसतात.

"बाई, काय म्हणाले सर?"

"काय म्हणणार? बघू म्हणाले."

यास्मिनचा चेहरा पडला. "म्हणजे नाही."

"म्हणजे नाहीच!"

शाळेतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. गव्हाणे सरांचं 'बघू' म्हणजे नकार. शिक्षकखोलीला पंखा हवा होता, बघू. सहल कोकणात न्यायची होती, बघू. आणि माझं तर दर महिन्याला ठरलेलं. "सर, अंक तयार आहे, छापू का?" "बघू." मग मी दोन दिवस धुसफुसत राहायची, आणि शेवटी शिपायाच्या हाती निरोप यायचा, 'बाई, अंकाचं काय झालं ते सर विचारतायत.' त्यालाच मी परवानगी समजायची आणि अंक छापून टाकायची. आजवर ते निभावलं, कारण अंकात असायचं काय? वृक्षारोपण, स्नेहसंमेलन, कोडी आणि एखादी आईवरची कविता.

पण या खेपेला आमच्या हातात बातमी होती. खरीखुरी बातमी!

आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मोठं मोकळं मैदान सगळ्या गावात एकच, ते आमच्या शाळेचं. तुळशीचं लग्न झालं, की तिथे माणसांची लग्नं सुरू व्हायची. संस्था मैदान देऊन टाकायची. मांडव पडायचा, पंगती उठायच्या, वऱ्हाड निघून जायचं, आणि बांबू रोवायला खणलेले खड्डे तेवढे आमच्या वाट्याला राहायचे. नेमक्या त्याच दिवसांत खो-खोच्या तालुका स्पर्धा यायच्या. त्या वर्षी मुलींचा संघ असा तयार झाला होता म्हणून सांगू! पोरी नुसत्या भिंगरीसारख्या पळायच्या. आणि सरावात कर्णधार गंगा लोखंडेचा पाय त्या खड्ड्यात गेला आणि मुरगळला. गंगा ओरडली ती आम्हाला वर मराठीच्या तासाला ऐकू आली.

यास्मिनने त्याच संध्याकाळी लिहायला घेतलं. गंगाला विचारलं, खेळाच्या सरांना विचारलं, मांडववाल्यालासुद्धा गाठून विचारलं, 'काका, खड्डे बुजवायचं काम कोणाचं?' तो म्हणाला, 'आमाला कुणी सांगितलंच न्हाई.' मथळा दिला, 'मैदानात मांडव, खो-खो खेळायचा कुठे?' वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मी बारा वर्षं निबंध तपासत होते, पण असं काही कधी माझ्या टेबलावर आलं नव्हतं.

शेवटचं वाक्य होतं, 'मुख्याध्यापकांनी याबाबत आजपर्यंत काहीही केलेले नाही.'

आणि आता हे 'बघू'.

"ऐक यास्मिन," मी व्हरांड्यातच ठरवून टाकलं, "पानं आज पाच वाजेपर्यंत छापखान्यात गेली पाहिजेत. लग्नसराई आहे, उद्यापासून तिथे पत्रिकांची रांग लागणार. आज चुकलं तर अंक निघेल स्पर्धा संपल्यावर, मग चाटायचाय का तो? आपण छापू. जे होईल ते होईल."

"संस्थेने अंक बंद केला तर?"

"करू देत!"

बोलून गेले खरी. हा अंक मी कसा उभा केला होता ते माझं मला माहीत. मराठीच्या तासाला तोंड न उघडणारी पोरं त्याच्यासाठी रविवारी शाळेत यायची. तो बंद पडला असता तर मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं असतं. पण राग एकदा नाकावर बसला, की माझं असंच व्हायचं.

यास्मिन हलली नाही. चपलेने फरशी घासत उभी राहिली.

"बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागावणार आहे. बोल."

"तुम्हीच शिकवलंत ना, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं?"

"आत्ता विचारूनच आले ना मी!"

"तुम्ही 'छापू का' विचारलंत. सरांनी मैदानाचं काय केलं, ते नाही विचारलं." तिचा आवाज बारीक झाला, पण थांबली नाही. "मी पण नाही विचारलं. मी तसंच लिहून टाकलं, काहीही केलेलं नाही म्हणून. मांडववाल्याला विचारलं आणि सरांना नाही."

नववीतल्या पोरीने माझाच धडा मला परत म्हणून दाखवला होता, तोही न अडखळता.

"चल," मी म्हटलं. "तू विचार. मी दारात उभी राहते. तोंड उघडलं तर मला चिमटा काढ."

आत गेलो. सर चष्मा पुसत बसले होते. गव्हाणे सर म्हणजे बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, बोलणं जेमतेम. तोंडात लवंग धरल्यासारखे शब्द चोखून चोखून बाहेर सोडायचे. मला पुन्हा पाहून त्यांनी जरा धास्तीनेच खुर्ची मागे घेतली.

"सर," यास्मिन म्हणाली, "मी मैदानाची बातमी लिहिलीय. त्यात तुमच्याबद्दल एक वाक्य आहे. ते खरं आहे का ते तुम्हाला विचारायचंय."

"बघू," सर म्हणाले.

मी सवयीने वळले. खरंच वळले! पाऊल दाराबाहेर पडलंसुद्धा. पण यास्मिन जागची हलेना, म्हणून मान वळवून पाहिलं. आणि मला जे दिसलं, ते मी गेली कित्येक वर्षं त्या खोलीत कधी पाहिलंच नव्हतं.

सरांचा हात पुढे होता. टेबलावरून पुरता पुढे आलेला, तळवा वर, बोटं जराशी हलवत. आपण पोराला म्हणतो ना, आण इकडे, काय लिहिलंस बघू! अगदी तसा.

यास्मिनने त्या हातावर कागद ठेवला.

"सर!" मी जवळजवळ किंचाळलेच. "तुमचं 'बघू' म्हणजे... दाखवा, बघू?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग दुसरं काय? दर महिन्याला मी हात पुढे करतो, बाई, आणि दर महिन्याला तुम्ही पाठ फिरवून निघून जाता. मला वाटलं, बाईंना मी अंक वाचलेला आवडत नाही. म्हणून शेवटी शिपायाला पाठवतो."

"पण पंख्याला पण तुम्ही बघूच म्हणालात!"

"पंख्याचं बघू वेगळं, कागदाचं बघू वेगळं. पंखा काय मी हातात घेऊन बघणार होतो?"

यास्मिनने ओढणी तोंडात कोंबली. मला हसावं की रडावं ते कळेना. मी मटकन समोरच्या खुर्चीत बसले, आणि सर वाचायला लागले. सावकाश वाचत होते. गंगाच्या पायाशी आले तेव्हा भुवया आवळल्या. मांडववाल्याच्या वाक्याला 'हं' म्हणाले. शेवटी बोट त्या शेवटच्या वाक्यावर जाऊन थांबलं.

"हे चुकीचं आहे," सर म्हणाले.

मी उसळलेच. "सर, आम्ही काढणार नाही हं ते! अंक बंद केला तरी चालेल, पण..."

यास्मिनने मला चिमटा काढला. जोरात.

"काढा कोण म्हणतंय? दुरुस्त करा म्हणतोय," सर म्हणाले. "मी दादासाहेबांकडे गेलो होतो. दर वर्षी जातो, या वर्षी दोनदा गेलो. म्हटलं, स्पर्धा होईपर्यंत मांडव नको, निदान खड्डे तरी बुजवून घ्या."

दादासाहेब थिटे म्हणजे संस्थेचे सचिव. मैदान द्यायचं की नाही, शाळेत कोणी राहायचं की नाही, सगळं त्यांच्या हातात.

"मग काय म्हणाले ते?" यास्मिनची पेन्सिल कागदावर टेकलेली.

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग अगदी हळू म्हणाले, "बघू म्हणाले."

आणि यास्मिन, देवाशप्पथ सांगते, काडीचाही चावटपणा न करता, म्हणाली, "सर, त्यांचा हात पुढे होता का?"

गव्हाणे सर हसले! त्या शाळेत लागल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले. मग म्हणाले, "कोण जाणे बाई. मीही तुमच्यासारखाच लगेच परत फिरलो." आणि उठून उभे राहिले. "दादासाहेब आत्ता मैदानावरच आहेत. परवा त्यांच्या पुतण्याचं लग्न आहे. चला."

"आत्ता?" मी म्हटलं.

"पाचला पानं जायची आहेत ना?"

पुढे सर, मागे यास्मिन, तिच्यामागे मी पदर खोचून. मैदानात मांडवाचा निम्मा सांगाडा उभा राहिला होता, पहारींचे ठोके पडत होते. दादासाहेब मधोमध खुर्ची टाकून बसलेले. धिप्पाड गडी, पांढरी टोपी, आवाज असा की पहारींच्या वर ऐकू जावा.

"या या, गव्हाणे सर! बाई पण? आमंत्रण पोचलं ना?"

"पोचलं," सर म्हणाले. "दादासाहेब, आमच्या मुलांच्या अंकात मैदानाची बातमी येतेय. छापायच्या आधी तुम्हाला दाखवायला आणलीय. छापून आल्यावर दुसऱ्या कोणी तुमच्या हातात द्यायला नको."

मी मनात म्हटलं, वा रे वा! इतकं सरळ, इतकं सोपं वाक्य, आणि ते मला कधी सुचलं नव्हतं.

दादासाहेबांनी कागद घेतला. वाचता वाचता त्यांची मान लाल होत गेली. "ही काय भानगड आहे? स्वतःच्या शाळेची बदनामी स्वतःच करायची? आमच्या घरात कार्य, आणि त्याच आठवड्यात हे? बाई, तुम्ही पोरांना हे शिकवता?"

"हो, मीच शिकवते," मी म्हटलं.

"आणि सर, तुम्ही हे चालू दिलं?"

आता सर काय म्हणतात? पोटापाण्याचा प्रश्न, निवृत्ती तोंडावर आलेली. मागे हटले असते तरी मी दोष दिला नसता.

"मी वाचलंय," सर म्हणाले. "माझ्याबद्दल एक वाक्य चुकलं होतं, ते सांगितलं. बाकी सगळं खरं आहे. खड्डा तो तिथे आहे, दादासाहेब. तुमच्या खुर्चीमागे."

दादासाहेबांनी मागे वळून पाहिलं. खड्डा होताच. त्यांच्याच खुर्चीचा एक पाय त्याच्या काठावर टेकला होता.

तेवढ्यात यास्मिन पुढे झाली. ओढणी सारखी केली, कागद तळहातावर धरला, आणि म्हणाली, "साहेब, तुमचं म्हणणं पण छापायचंय. सर तुमच्याकडे येऊन गेले होते. मैदानाचं तुम्ही काय ठरवलंय?"

दादासाहेब चपापले. हात झटकत म्हणाले, "बघू."

मी आणि सरांनी, दोघांनी एकदमच त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर पडला होता, मूठ वळलेली. हे खरंखुरं बघू होतं. पंख्याचं बघू!

माझा धीरच सुटला. पण यास्मिन लिहीत होती. लिहून झालं, आणि तिने वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचून दाखवलं.

"'मैदानाबाबत विचारले असता संस्थेचे सचिव म्हणाले, बघू.' बरोबर लिहिलंय का, साहेब?"

पहारी थांबल्या. बांबू धरून उभी असलेली माणसं इकडे बघायला लागली. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"एवढंच छापणार?" दादासाहेब म्हणाले.

"तुम्ही म्हणालात तेवढंच. जास्तीचं मनाचं लिहायचं नाही, असं बाईंनी शिकवलंय."

दादासाहेबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. सरांकडे पाहिलं, सरांनी नजर हलवली नाही. माझ्याकडे पाहिलं, मीही हटले नाही. आणि मग त्या गड्याने काय करावं? हात पुढे केला!

"आण तो कागद. बघू."

यास्मिनने दिला. त्यांनी ते एक वाक्य पुन्हा वाचलं, ओठ हलवत वाचलं, आणि म्हणाले, "खोड हे. भलतंच दिसतंय. लिही. घरचं कार्य ठरलेलं आहे, ते होईल. पण त्यानंतर स्पर्धा होईपर्यंत मैदानात मांडव पडणार नाही. आणि खड्डे..." मांडववाल्याकडे वळून गरजले, "काय रे, खड्डे कोण बुजवणार?"

"आमीच, साहेब."

"कधी?"

"सोमवारी, साहेब."

"लिही पोरी, सोमवारी. आणि माझं नाव नीट लिही, थिटेतला ट टोपलीतला."

त्यानंतरचं मला नीट आठवतही नाही. एवढं आठवतं, की मी आणि यास्मिन शाळेच्या बोळातून छापखान्याकडे पळत सुटलो होतो. मी, चाळिशीची बाई, पदर खोचून, भर बाजारातून! भाजीवाल्या विचारत होत्या, बाई, काय झालं, कुठं आग लागली? यास्मिन ओरडत होती, "बातमी आहे, बातमी!" छापखान्याच्या मालकाने पानं घेतली, मथळा वाचला, आणि समोर पडलेला पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. म्हणाला, "आधी हे घेतो."

अंक निघाला. गावात हातोहात गेला, लग्नाच्या मांडवातसुद्धा वऱ्हाडी तो वाचत बसले होते. बातमीचं शेवटचं वाक्य होतं, 'मुख्याध्यापकांनी याबाबत संस्थेकडे वारंवार विनंती केली होती.' सोमवारी खड्डे बुजले. गंगा लंगडत का होईना पण खेळली, आणि आम्ही उपान्त्य फेरीत हरलो. पण मैदानामुळे नाही, समोरच्या पोरी चांगल्या खेळल्या म्हणून. यास्मिनने तेही तसंच छापलं.

तेव्हापासून मी कधी 'छापू का' विचारलं नाही. पानं तयार झाली, की सरळ सरांच्या टेबलावर. "सर, हे येतंय. या दोन ओळींत तुमचं नाव आहे." सर हात पुढे करायचे, वाचायचे, कुठे चूक असली तर सांगायचे. कधी वाद व्हायचा, कडाक्याचा व्हायचा, माझा आवाज मैदानापर्यंत जायचा. पण ते दार मी पुन्हा आपटलं नाही.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. यास्मिन तेव्हा दहावीत. निरोपाच्या अंकासाठी तिने सरांवर लेख लिहिला होता, पहिल्या पानावर, आणि मथळा काय, तर 'बघू'. सरांना दाखवल्याशिवाय तिला तर मुळीच राहवेना. पानं घेऊन आम्ही दोघी सरांच्या खोलीत गेलो. कपाटं रिकामी झाली होती, टेबलावर नुसता पाण्याचा तांब्या.

"सर, शेवटचा अंक आहे," यास्मिन म्हणाली. "या वेळी दोन ओळी नाहीत. सगळं पान तुमच्यावरच आहे."

"बघू," सर म्हणाले.

तिने कागद पुढे केला. पण सरांचा हात काही आला नाही. दोन्ही हात मांडीवर, शांत.

यास्मिनचा चेहरा पडला. मीच विचारलं, "म्हणजे... नाही, सर?"

सरांनी मान हलवली. खिडकीबाहेर मैदानावर मुलींचा खो-खो चालला होता, त्याच्याकडे बघत होते.

"छापा," ते म्हणाले. "छापून आल्यावर बघू."